जाडीच्या पुढे कोण चालणार

तिचा दीर हार्डवेअरचं दुकान चालवायचा आणि बरेच दिवस त्याचा डोळा जाडीवर होता. जाडी म्हणजे घरातली पिकअप. अंगणाच्या फाटकातून निघताना दोन्हीकडचे खांब जेमतेम चुकवणारी, त्यामुळे हे नाव तिला आपोआपच पडलेलं. "वहिनी, दादाचा गुडघा आता वाकत नाही. हा हत्ती दारात बांधून काय करणार? मला द्या, सिमेंट तरी वाहीन," असं तो हसत हसत म्हणाला, आणि नवऱ्यानं चक्क मान डोलावली!

वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली. ती कारखान्यात ताडपत्र्या शिवायची, आणि जाडीच्या हौद्यावर बसणारा तंबू तिनं रोज सुट्टी झाल्यावर थांबून, बोटांची चाळण करून शिवला होता. तो दुसऱ्या कुठल्याही गाडीवर बसला नसता. किती रानं, किती नदीकाठ त्या तंबूत झोपून झाले! आणि आता त्या हौद्यात सिमेंट?

"ओढ्यापलीकडच्या माळावर मी नेते गाडी. नेता आली तर ती राहील. नाही आली तर सोमवारी खुशाल द्या तुमच्या भावाला," ती म्हणाली.

"तू? अगं, त्या वाटेवरच्या खिंडीत माझ्या तोंडचं पाणी पळायचं."

"मग या वेळी माझ्या तोंडचं पळू दे."

झालं! बाई एकदा हट्टाला पेटली की घरात कुणाची टाप नव्हती. शनिवारी सकाळी सामान चढलं, काठी घेऊन नवराही चढला आणि वाटभर कण्हत बसला, गुडघ्यासाठी कमी आणि क्लचसाठी जास्त.

डांबर संपलं तशी तिनं चाकांतली हवा थोडी सोडली आणि फोर-व्हील टाकलं. खिंड आली. उजवीकडे कातळ, डावीकडे ओढ्याची घळ, आणि मधे जाडीला कशीबशी पुरेल एवढी वाट. इथं त्या दोघांची रीतच ठरलेली होती. तिनं उतरायचं, गाडीकडे तोंड करून मागं मागं चालायचं आणि हातानं खुणा करायच्या. तो फक्त तिच्या हातांकडे बघून चाक फिरवायचा. आज तो उतरला. तिनं आरसे मिटले.

"ये... ये... डावीकडे घे! आणखी डावीकडे!"

तिनं डावीकडे घेतलं. पुढच्या चाकाखालची माती सुटली आणि दगड गडगडत घळीत गेले. जाडी कलली. ब्रेक, हँडब्रेक, इंजिन बंद. नवरा पांढराफटक पडला होता.

"परत फिर! माझं ऐक, नाही जमायचं हे!"

ती खाली उतरली. चाक बघितलं, घळ बघितली आणि मग नवऱ्याकडे.

"अहो, डावीकडे म्हणजे कुणाच्या?"

"डावीकडे म्हणजे डावीकडे!" त्यानं डावा हात वर केला. तो हात कातळाकडे होता. त्याचं त्यालाच कळलं आणि हात हळूच खाली आला.

"मी इथं उभी राहून कायम तुमची डावी सांगत आले. माझी नाही."

"म्हणजे दर वेळी मनातल्या मनात उलटं करून?"

"नाहीतर काय! आणि तेही मागं न बघता, उलट्या पावलांनी, धूळ खात."

"आणि मला वाटायचं, गाडी मी चालवतो," तो म्हणाला.

तिला हसू आलं आणि रडूही. पण वेळ रडण्याची नव्हती. "आता तुम्ही माझ्याकडे पाठ करा. पुढं चाला. तुमची डावी तीच माझी डावी."

"एवढं धूड मागून येतंय आणि मी बघायचं नाही?"

"मी चालतच होते ना उलटी, तुमच्या भरवशावर?"

त्यानं पाठ वळवली. तिनं जाडी हातभर मागं घेऊन चाक वाटेवर आणलं. मग तो काठी टेकत, लंगडत निघाला. एक हात हवेत, उजवीकडे, सरळ, सरळ, आणखी जरा उजवीकडे. त्याची मान आखडलेली होती, पण त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. तिनं दात-ओठ खाऊन, त्या हातावरची नजर न काढता जाडी इंचाइंचानं पुढं सरकवली. कातळाचा ओरखडा दारावर कर्रकन उमटला. उमटू दे!

वाट रुंद झाली, माळ आला. तिनं इंजिन बंद केलं. तो काठीवर रेलून घाम पुसत होता. मग त्यानं खिशात हात घातला आणि जाडीची दुसरी किल्ली काढली. भावाला द्यायची म्हणून वेगळी काढून ठेवलेली. त्यानं ती तिच्या किल्लीच्या कडीत अडकवली.

"चल, तंबू लाव," तो म्हणाला. "उद्या जातानाही पुढं मीच चालणार."