दोर कापण्याचा कार्यक्रम

सातच्या ड्युटीला निघण्याआधी सिस्टर रोज मुलाचे पाय बघत. तळव्यावरचा फोड फोडायचा की तसाच ठेवायचा, काळं पडलेलं नख गळेल की राहील, हे सगळं त्यांना हाडांच्या वॉर्डातल्या बावीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत; चारचौघांत नवराही तसंच म्हणे. मुलाचं घरातलं नाव टिल्लू. सातव्या महिन्यात जन्मला तेव्हा मुठीएवढा होता, म्हणून हे नाव पडलं आणि आता सहा फूट उंची झाली तरी ते काही सुटलं नाही.

त्यांनी नडगीवर अंगठा दाबला.

"दुखतंय?"

"नाही."

"खोटं बोलायचं तर निदान पाय आखडू नकोस."

टिल्लू हसला. आरशासमोर दाढी करणारे त्याचे वडील मात्र हसले नाहीत. ते एका कारखान्यात लेथवर टर्नर होते आणि गेले महिनाभर, कोणी विचारो न विचारो, मुलगा विशेष दलाच्या निवडीला चाललाय हे सांगत फिरत होते.

"अगं, परवा कार्यक्रम आहे," ते म्हणाले. "ते प्रवेशाचं पत्र काढून ठेव. ऐन वेळी शोधाशोध नको."

"ठेवते," सिस्टर म्हणाल्या आणि मोजे पिळायला मोरीकडे गेल्या.

या कार्यक्रमाबद्दल सांगायला हवं, कारण सगळी घाण तिथूनच वाहत होती. गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये, विशेष दलाच्या निवडीसाठी मुलांची तयारी करून घेणारी अकादमी होती. ती चालवणाऱ्याला सगळे कॅप्टन म्हणत. तो कुठे कॅप्टन होता, किती वर्षं होता, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. निवडीला गेलेल्या शंभरांतले चार-पाचच घेतले जातात हे तोही जाणून होता आणि मुलांचे आईबापही. मग उरलेल्या पंचाण्णवांचं काय, असं कोणी विचारलं की कॅप्टन म्हणायचा, "ज्याच्या खिशात दुसरी सोय असते तो शेवटच्या मैलाला खाली बसतो." म्हणून निवडीला निघालेल्या मुलाचे परतीचे दोर कापायचे. मुलाने दुसऱ्या शिक्षणाचं पत्र, नोकरीचा कागद, हातातल्या धंद्याची हत्यारं, जे काही असेल ते स्टेजवर आणायचं. हत्यारं अकादमीत जमा व्हायची आणि कागद मुलाच्या आईने स्वतःच्या हाताने फाडायचा. दुसऱ्या दिवशी बापाने त्या कॉलेजात किंवा नोकरीच्या ठिकाणी जाऊन नाव काढून घ्यायचं. खाई तर तुपाशी, नाही तर उपाशी, ही म्हण आपण हट्टी माणसाला हिणवायला वापरतो. अकादमीच्या भिंतीवर ती हातभर अक्षरांत रंगवलेली होती आणि तिच्याखाली उभं राहून लोक फोटो काढून घेत.

टिल्लूचं पत्र तंत्रनिकेतनातून आलं होतं, फ्रिज आणि एसी दुरुस्तीच्या अभ्यासक्रमाचं. पंधराव्या वर्षापासून तो कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे जात होता. कॉम्प्रेसरला कान लावून तो रोग सांगायचा आणि बहुतेक वेळा तो रोग बरोबर निघायचा. धावण्यात तो मन लावून होताच, पण फ्रिज उघडून बसला की जेवणाचीही शुद्ध राहत नसे. हे सिस्टरांना ठाऊक होतं. तरी पत्र फाडायला त्या तयार झाल्या होत्या. सगळ्याच आया फाडतात, त्यात काय एवढं, असं त्यांनी मनाला पढवलं होतं.

त्या दिवशी दुपारी ड्युटी संपवून त्या गल्लीत शिरल्या तेव्हा शिवणकाम करणाऱ्या वहिनी दारातच उभ्या होत्या. यांचा मुलगा अकरा महिन्यांपूर्वी निवडीला गेला होता. निवड झाली, तो गुप्त ट्रेनिंगला आहे, पत्र पाठवायची परवानगी नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत असे.

"सिस्टर, जरा आत येता?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आणि शपथ घ्या, बाहेर बोलणार नाही."

शिलाई मशीन ओलांडून, कापडांच्या गठ्ठ्यांमधून त्या मागच्या खोलीत गेल्या. दार उघडताच वास आला. सिस्टर हा वास ओळखत होत्या. नवीन नर्सला पहिल्या आठवड्यात उलटी होते तो वास. खिडकीला आतून पुठ्ठा ठोकला होता. खाटेवर दाढी वाढलेला एक सांगाडा बसला होता. ट्रेनिंगला गेलेला मुलगा तो हाच.

"काकू," तो म्हणाला आणि त्याने पाय चादरीखाली ओढायचा प्रयत्न केला.

सिस्टरांनी चादर बाजूला केली. नडगीला जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या, चिकटून कडक झालेल्या. पाणी उकळून, मीठ घालून, थेंब थेंब सोडत त्यांनी त्या सोडवल्या. शेवटच्या पट्टीबरोबर कातडीही आली. खाली जखम नव्हती, खड्डा होता. त्यात पू आणि त्याच्या तळाशी पांढरं हाड दिसत होतं.

"कधीपासून?"

"तडा निवडीच्या आधीच गेला होता. कॅप्टन म्हणाले, पट्टी बांधून पळ. परत आल्यावर मोरीत पडलो, तेव्हा हाड बाहेर आलं. आईने आत ढकललं."

"अहो, दवाखान्यात का नाही नेलं?" सिस्टर वहिनींकडे वळल्या.

"दवाखान्यात अर्धी गल्ली भेटते," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच भेटला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची, सिस्टर."

"ही मूठ नाही, वहिनी. पाय आहे. झाकला की सडतो."

वहिनी पदराशी चाळा करत राहिल्या. मुलगाच पुढे बोलू लागला. अकरा महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं, म्हणून असेल, तो थांबेचना.

"पळण्यात मी नापास झालो नाही, काकू. तशाच पायाने पुरं केलं. मुलाखतीत गेलो. तिघं बसले होते. विचारलं, निवड झाली नाही तर काय करशील? मी शिकवलेलं बोललो. तो प्रश्नच येत नाही, सर. माझे दोर कापलेत. मधल्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, आमच्या कामात पहिली वाट नेहमी बंद होते. दुसरी वाट ठेवायची ज्याला लाज वाटते, त्याच्या भरवशावर मी बाकीच्यांना कसं पाठवू? घरी जा आणि आधी तो पाय दाखव."

"हे कॅप्टनला सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, ठाऊक आहे, दरवर्षी तेच विचारतात. पण कार्यक्रम बंद केला तर अकादमीत येईल कोण? तू गप्प राहा, आम्ही तुला ट्रेनिंगला गेलेला म्हणू."

वास सिस्टरांच्या बावीस वर्षांच्या सवयीचा होता; किळस आली ती दुसऱ्याच गोष्टीची. याच मुलाला छापखान्यात नोकरी लागली होती. ते पत्र या बाईने स्टेजवर फाडलं तेव्हा दुसऱ्या रांगेत उभं राहून सिस्टरांनीच टाळ्या वाजवल्या होत्या, हात लाल होईपर्यंत. कॅप्टनची किळस आली, वहिनींची आली आणि सगळ्यांत जास्त स्वतःची आली. त्यांनी जखम धुतली, स्वच्छ पट्टी बांधली आणि उद्याच्या उद्या याला वॉर्डात आणा, नाही तर पाय जाईल, असं बजावलं. वहिनींनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी ड्युटीभर वाट पाहिली. कोणी आलं नाही.

संध्याकाळी त्यांनी शपथ पाळून, मुलाचं नाव न घेता, नवऱ्याला मुलाखतीतल्या प्रश्नाचं सांगितलं.

"आता? उद्या कार्यक्रम आणि आता हे?" नवरा म्हणाला. "कारखान्यातले आठजण येणार आहेत. लोक काय म्हणतील?"

"लोक टाळ्या वाजवतील. त्यांचं काय जातंय?"

"तू पत्र फाड म्हणजे झालं. डोकं लावू नकोस."

कार्यक्रम सकाळी दहाला होता. शेड भरली होती. स्टेजवर टिल्लू ताठ उभा होता, पायाशी पाने आणि गॅसच्या नळ्यांची पेटी. ती पेटी दोघांनी उचलून नेली तेव्हा त्याची नजर तिच्यामागे गेली आणि परत समोर आली. मग सिस्टरांना वर बोलावलं. कॅप्टनने पत्र दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरलं.

सिस्टरांनी पत्र घेतलं आणि माईककडे तोंड करून विचारलं, "निवडीत मुलांना विचारतात, निवड झाली नाही तर काय करशील. याने काय सांगायचं?"

"तो प्रश्नच येत नाही," कॅप्टन म्हणाला. "बस, एवढंच सांगायचं."

"असं सांगणाऱ्याला घरी पाठवतात. हे तुम्हाला ठाऊक आहे. दरवर्षी ठाऊक असतं."

शेडमध्ये कुजबुज झाली. कॅप्टन कसलेला माणूस होता, तो डगमगला नाही. त्याने पहिल्या रांगेकडे हात केला. "आईचं काळीज आहे, घाबरणारच. या माउलीला विचारा. यांनी मागच्या वर्षी दोर कापले. सांगा ताई, मुलगा कुठे आहे तुमचा?"

शिवणवाल्या वहिनी उठल्या. सिस्टरांकडे त्यांनी पाहिलं नाही.

"ट्रेनिंगला आहे," त्या म्हणाल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पत्र्याच्या शेडमध्ये टाळ्या फार मोठ्या वाजतात. सिस्टर त्या संपेपर्यंत थांबल्या. मग त्यांनी पत्राची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावली.

"मी फाडणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याला जायचं असेल तर जाऊ दे, मीच पाय बांधून पाठवीन. पण परत येईल तेव्हा त्याला घर असेल आणि काम असेल. मागच्या वर्षी मी इथे टाळ्या वाजवल्या, त्याची मला लाज वाटते."

"बाई, खाली उतरा," कोणीतरी ओरडलं. टिल्लूचे वडील कारखान्यातल्या लोकांना ओलांडून दाराबाहेर निघून गेले. कॅप्टन टिल्लूला म्हणाला की पत्र फाटलं नाही तर अकादमीच्या नावावर त्याला जाता येणार नाही. टिल्लूने मान खाली घातली. कानांपर्यंत लाल झाला होता. आईचा त्याला त्या क्षणी राग आला होता, हेही खरंच सांगायला हवं.

वहिनी अजून उभ्याच होत्या. बसा म्हणून शेजारणीने त्यांचा पदर ओढला. त्या बसल्या नाहीत.

"सिस्टर," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पाय वाचेल का हो त्याचा?"

कोणाला काही कळलं नाही. फक्त कॅप्टनला कळलं. त्याने माईक बंद केला.

"आज नेला तर प्रयत्न करतील," सिस्टर म्हणाल्या. "रोज उशीर होतोय."

टिल्लू एकदा आईकडे आणि एकदा वहिनींकडे बघत राहिला. मग तो स्टेजवरून खाली उतरला, वहिनींना म्हणाला, "काकू, कुठे आहे तो?" आणि त्यांच्यामागे चालू लागला. दहा मिनिटांनी तो त्या मुलाला पाठीवर घेऊन बाहेर आला. अकरा महिन्यांनी ऊन लागल्याने त्या मुलाने डोळे मिटून घेतले होते. शेडमधली माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी होती. काल ज्यांनी त्याच्या नावाने पोरांना उपदेश केले होते, त्यांनी नाकाला रुमाल लावले. रिक्षा थांबवायला त्यातला एकही जण पुढे झाला नाही. टिल्लू तसाच चालत गेला, बाजूने सिस्टर आणि मागून वहिनी.

पुढच्या महिन्यात टिल्लू अकादमीच्या नावाशिवाय, स्वतःच्या अर्जावर निवडीला गेला. मुलाखतीत तोच प्रश्न आला. त्याने उत्तर दिलं, फ्रिज दुरुस्त करीन, प्रवेश घेऊन ठेवलाय. मधल्या साहेबांनी त्याला आणखी पाच मिनिटं कॉम्प्रेसरबद्दल विचारलं.

त्याची निवड झाली का, हे इथे लिहिलेलं नाही. आणि वाचणाऱ्याला तेवढंच विचारावंसं वाटलं असेल, त्या दुसऱ्या मुलाचा पाय वाचला का हे आधी विचारायचं सुचलं नसेल, तर त्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्या रांगेत एक खुर्ची अजून रिकामी आहे. त्याने खुशाल जाऊन बसावं.