चराला आधार

मी तोंडाचा फटकळ. धुळ्यात एका तंत्रनिकेतनात बांधकाम शिकवायचो. माझ्या बुटांचा आवाज आला की पोरं चिडीचूप. सत्त्याऐंशी साली आखातातल्या नोकऱ्यांचं वारं सुटलं आणि मी हट्टालाच पेटलो. म्हटलं, आपल्या खान्देशी पोरांत काय कमी आहे? इंग्रजी तेवढं कच्चं!

मग मी अभ्यासक्रमाला कात्री लावली. रोज एक तास 'गुड मॉर्निंग सर' घोकून घ्यायचं. 'चराला आधार' हा धडा आला, तेव्हा सुकदेवने हात वर केला. एरंडोलकडच्या विहिरी खोदणाऱ्या सुपडूनानांचा हा मुलगा. शंका फार.

"सर, खोल चराच्या बाजूंना फळ्या कशा लावायच्या?"

"अरे शहाण्या, तुझ्या बापाने जन्मभर विहिरी खोदल्या. लावल्या कधी फळ्या? आपला मुरूम भिंतीसारखा उभा राहतो. धडा सोडा, मुलाखत तोंडावर आलीय."

वर्ग हसला. तोही हसला.

मुलाखतीत एकटा तोच निवडला गेला. मी अख्ख्या कॉलेजला पेढे वाटले.

चार महिन्यांनी तार आली. रेतीतला तेरा फूट खोल चर. सुकदेव माप घ्यायला आत उतरला, दोन्ही कडा ढासळल्या आणि तो गाडला गेला. फळ्या नव्हत्या. त्या लावून घेणं त्याचंच काम होतं.

महिन्याने सुपडूनाना आले. हातात सुकदेवची वही. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"सर, कंपनीना कागद उना. चूक म्हणे मन्हा पोऱ्यानी शे. फळ्यास्ना धडा पुस्तकमा शे ना? तेनी वाचा नही का?"

मी वही उघडली. वर ठळक अक्षरांत 'चराला आधार', खाली कोरं पान. पुढच्या पानावर 'गुड मॉर्निंग सर', वीस वेळा.

"नाना, त्याने विचारलं होतं हो. मीच शिकवलं नाही. तुमचा पोरगा मी मारला."

वाटलं, आता नाना अंगावर येतील. यावेत, असंच वाटत होतं. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, टोपीने पुसली आणि छातीशी धरली.

"म्हंजे पोऱ्या कामचोर नव्हता," ते म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले. "महिना व्हयना सर, घरमा मी पोऱ्यालेच शिव्या दी ऱ्हायनू."