पहाऱ्याची बदली

सव्वा वर्षाने सीमेवरून घरी आलेल्या बाबाला आठ दिवस एकच गोष्ट गोड वाटत होती आणि तीच खुपतही होती. त्याची नऊ वर्षांची लेक, पुढच्या दोन दातांमुळे सगळ्यांची खारूताई, कशाचा म्हणून हट्ट करत नव्हती. पाणीसुद्धा स्वतःच घेऊन प्यायची. बायको आल्यागेल्यांपुढे कौतुक करायची, "एवढीशी आहे, पण घर सांभाळते हो!"

सांभाळत होतीच. गॅसचं बटण तीनदा, कडी दोनदा, खिडकी एकदा. मग पुन्हा पहिल्यापासून. खालची मुलं हाका मारून थकायची. नखं पार कुरतडलेली, आणि शाळेला निघताना पोटात दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. शाळेतल्या समुपदेशक बाई दर बुधवारी बोलायला बसवायच्या, तर ही त्यांना "मजेत आहे" म्हणून वाटेला लावायची.

रविवारी सकाळी ती चौथ्यांदा गॅसकडे निघाली तेव्हा बाबाला राहवेना. "अगं, आता मी आहे ना घरी? जा की खेळायला."

"कशी जाऊ? तुम्हीच म्हणालात ना, मी येईपर्यंत घर तुझ्या ताब्यात."

"मग आलो की!"

"आलात. पण परत कुठे घेतलंत?"

बाबा खजील झाला. निघताना बायको रडत होती, म्हणून थट्टेत काहीतरी बोलून गेला होता. नव्या शिपायांना तो वीस वर्षं कानीकपाळी ओरडून सांगत आला होता की, बदलीचा माणूस आल्याशिवाय पहारा सोडायचा नाही. आणि घरातला पहारेकरी सव्वा वर्ष उभाच होता.

तो आत गेला आणि लेंग्यावरच बूट-टोपी चढवून आला. बायकोला हसू आवरेना. तो मात्र ताठ उभा राहिला. "पहारा बदलायला आलोय. काय काय आहे ताब्यात?"

"गॅस, कडी, खिडकी." मग खाली बघत, "बातम्या लागल्या की टीव्ही बंद करायचा. आई रडली की पाणी द्यायचं. आणि तुम्ही. तुम्हाला काही होऊ द्यायचं नाही."

बायकोचं हसू मावळलं. बाबाला गलबलून आलं.

"सगळं मिळालं," तो कसाबसा म्हणाला. "पहारा बदलला. तू मोकळी."

"आणि सुट्टी संपल्यावर?"

"माझ्याकडे," आई पुढे होत म्हणाली. "तुझ्याकडे नाही, बाळा. रडले तरी माझं पाणी मी घेईन."

खारूताईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि चपला न घालताच जिना गाठला. बाबाने लगेच गॅसचं बटण पाहिलं. पहारा घेतला होता ना! येत्या बुधवारी बाईंकडेही तो जाणार होता. एका सकाळीत सगळं निस्तरत नाही, एवढं त्याला कळत होतं.

अर्ध्या तासाने खालून आरोळी आली, "बाबा! तहान लागलीये! पाणी आणून द्या ना!"

बाबा पेला भरून बुटांसकट तीन जिने धावत उतरला. अर्धं पाणी वाटेतच सांडलं.