फरच्या सालीखालची मी

फर नावाच्या झाडाचा जीव गाभ्यात असतो, साल म्हणजे नुसता अंगरखा. काढला की पुन्हा येतो. या डोंगरातल्या मेंढपाळांचा हा नियम, आणि त्यावर प्रश्न विचारायचा नाही. मी मात्र त्याच अंगरख्याखाली राहते. साल आणि लाकूड यांच्यामधल्या, कॅम्बियम नावाच्या पातळ थरातली एक पेशी बोलतेय.

मला स्वस्थ बसवत नाही. शेंड्याच्या कळ्या फुगल्या की वरून निरोप येतो आणि माझे दोन भाग होऊ लागतात. एक लेक मी आत ढकलते, कधी एखादी बाहेर, आणि मधे मी उरतेच. आतली लांब होते, भिंती जाड करते, मरते आणि पाण्याची नळी होते. तेच लाकूड. बाहेरची, पानांनी केलेली साखर मुळांकडे पोचवते. वसंतातल्या लेकी रुंद आणि पातळ, उन्हाळा सरतानाच्या अरुंद, जाड, गडद. दोघींचं मिळून वर्षाचं एक कडं. गाभा कधीच मेलाय, तो नुसता उभा आहे.

मे महिन्यात मी इतकी ओली आणि नाजूक असते की साल ओढली की सुटते. सालीचे, चीज भरायचे डबे करायला म्हातारा मेंढपाळ गाव्रिला तेव्हाच येतो. तोडलेल्या झाडांची साल पुरली नाही की तो उभी झाडं सोलतो, आणि यंदाही ती पुरली नाही. त्याने माझ्या उभ्या झाडाभोवती कोळशाने दोन कडी काढली आणि सुरी नातीच्या, स्मारांदाच्या हाती दिली. ती शहरात वनशास्त्र शिकते.

"दोन कड्यांमधली अख्खी गोल काढ."

"झाड मरेल, आजोबा."

"चाळीस वर्षं सोलतोय. शरदात मेंढ्या घेऊन खाली उतरतो तेव्हा हिरवीगार असतात."

"पाणी चढत असतं म्हणून. मुळं उपाशी मरतात, ती नंतर. वरच्या उतारावरची सात वाळली ती?"

"कीड लागली."

"सातही झाडांना कमरेएवढ्याच उंचीवर? कीड माप घेऊन आली होती?"

गाव्रिलाची बहीण पारास्किवा हसली. "चीज मात्र आयतं लागतं हिला."

सुरीचं टोक सालीत शिरलं होतं. शेजारची एक पेशी फाटली. तरी मी थांबले नाही, थांबणं मला येतच नाही.

स्मारांदाने सुरी ओढून काढली, मिटली आणि खिशात टाकली. "यंदाचं चीज कापडात बांधा. मी ही साल काढणार नाही, आणि तुम्हालाही काढू देणार नाही."

ती खोडाला पाठ लावून उभी राहिली. पारास्किवाचं हसू विरलं. गाव्रिलाने वरच्या उतारावरच्या सात वाळक्या झाडांकडे पाहिलं, बराच वेळ.