हरवलात तर खाली बघा

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारी दोनला, साउथॅम्प्टनच्या एका चर्चमागच्या सभागृहात बोटवाल्यांची बैठक भरे. बोटवाले म्हणजे खलाशी नव्हेत. जन्मभर नोकऱ्या करून पेन्शनीत निघालेली आणि वर्षातून दोनदा मोठ्या बोटीवर सुट्टी घालवून आलेली मंडळी. नवी माणसं प्रश्न विचारत, जुनी उत्तरं देत, आणि चहा कोणी केला यावरून अधूनमधून कुरबुर होई. जुन्यांतही सगळ्यात जुनं जोडपं म्हणजे ग्लेनिस हॉबडे आणि तिचा नवरा डेझमंड. एकतीस सफरी झाल्या होत्या दोघांच्या. ग्लेनिस हा आकडा स्वतःहून सांगत नसे, पण दुसऱ्या कोणाच्या तोंडून तो निघेल याची काळजी मात्र घेई.

जूनच्या बैठकीला मिसेस पेलो नावाच्या एक नव्या बाई आल्या होत्या. त्यांनी वही काढली आणि विचारलं, "खोली कुठली घ्यावी हो?"

"बोटीच्या मधोमध, आणि जमेल तितकी खाली," ग्लेनिस म्हणाली. "तिथं हलतं कमी. आणि नकाशा नीट बघा. डोक्यावरही खोल्या हव्यात आणि पायाखालीही. पहिल्या खेपेला आमच्या डोक्यावर नाचघर होतं. आठ रात्री आम्ही लोकांच्या टाचा ऐकल्या."

"बॅगांचं काय?"

"त्या संध्याकाळशिवाय खोलीत येत नाहीत. म्हणून पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवायचे. बाकीचे लोक कोट घालून घामाघूम होऊन बसतात आणि तुम्ही खुशाल पाण्यात."

मिसेस पेलोंनी तेही लिहून घेतलं. मग जरा ओशाळून विचारलं, "आणि बंदर नसतं त्या दिवशी? दिवसभर नुसतं पाणीच बघायचं?"

"अहो, तोच तर खरा दिवस. समुद्राचा दिवस. कुठं पोचायचं नसतं, काही बघायचं राहून जात नसतं. नवी माणसं कंटाळतात, कारण त्यांना अजून स्वस्थ बसता येत नाही."

हे सांगताना ग्लेनिस स्वतः मात्र उभीच होती. मग सगळ्यांनी डेझमंडकडे पाहिलं, कारण शेवट नेहमी त्याचा असे. तो कपबशी खाली ठेवून उठला आणि कोट सारखा केला.

"मी एकच सांगतो," तो म्हणाला. "हरवलात तर खाली बघा. आमच्या आवडत्या बोटीवर व्हरांड्यात गालिचा आहे, त्याच्यावर मासे विणलेत. सगळे मासे बोटीच्या नाकाकडे पोहतात. जेवणघर मागं, म्हणजे भूक लागली की माशांच्या उलट चालायचं. आणि बोटीवर वार विसरायला होतो, सगळ्यांनाच होतो. तर लिफ्टमध्ये खाली चटई असते, तिच्यावर वार लिहिलेला असतो. रोज नवी टाकतात. वर बघून काही कळत नाही, मंडळी. खाली बघा."

बारा वर्षं तो हेच बोलत आला होता आणि आजही एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. टाळ्या पडल्या. ग्लेनिसनं मागच्या रांगेत बसलेल्या आपल्या मुलीकडे, हेदरकडे, मुद्दाम पाहिलं. बघितलंस ना, असं तिला म्हणायचं होतं.

चहाच्या वेळी डेझमंड मिसेस पेलोंपाशी गेला आणि अदबीनं म्हणाला, "तुम्ही या बोटीवर कितव्या मजल्यावर उतरलात?"

बाई खळखळून हसल्या. ग्लेनिस त्यांच्याहून मोठ्यांदा हसली. हेदर हसली नाही.

"बाबा गंमत करत नव्हते, आई," गाडीत बसल्यावर ती म्हणाली. डेझमंड मागच्या सीटवर डुलकी घेत होता.

"तुझ्या बापाचा विनोद तुला कधी कळलाय का?"

"गुरुवारी दवाखान्यात आठवणीची तपासणी आहे, कळेलच काय ते. प्रवासाला हरकत नाही अशी चिठ्ठी त्यांनी दिली नाही तर विमा नाही, आणि विमा नाही तर नॉर्वे नाही. मग मला दोष देऊ नकोस."

सप्टेंबरची नॉर्वेची सफर म्हणजे बत्तिसावी. तीच बोट, तीच खोली, मधोमध आणि खाली. त्या खोलीत डेझमंड सुखात असतो, तिथं त्याला सगळं ठाऊक असतं, असं ग्लेनिसचं म्हणणं होतं. ती नुसतं म्हणत नव्हती, तिचा त्यावर विश्वास होता. घरी चमच्यांचा खण त्याला सापडत नसे, पण बोटीचं नाव काढलं की त्याचा चेहरा उजळे. ही सफर हातची गेली तर तो चेहरा पुन्हा दिसायचा नाही, याची तिला धास्ती होती.

वसंतातल्या सफरीत झालेली एक गोष्ट तिनं हेदरपासून लपवली होती. एका सकाळी डेझमंड चाळीस मिनिटं सापडला नव्हता. शेवटी मिळाला तो व्हरांड्याच्या पार टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभा. मासे जिथवर गेले होते तिथवर तो गेला होता, आणि पुढं कुठं जायचं ते माशांनी सांगितलं नव्हतं.

त्या सफरीहून परतल्यावर ग्लेनिसनं तपकिरी गालिच्याचा एक तुकडा विकत आणला, त्याचे सात भाग कापले आणि निळ्या लोकरीनं त्यांवर सात वार भरले. डेझमंड उठायच्या आत ती त्या दिवसाचा तुकडा झोपायच्या खोलीच्या दाराबाहेर टाकी. तो बाहेर येई, खाली बघे, "बुधवार" म्हणे आणि दाढी करायला जाई. दोन महिने एकही वार चुकला नव्हता. हे कसं आलं, कोणी टाकलं, असं त्यानं कधी विचारलं नाही.

बुधवारी दुपारी तिनं त्याची तयारी करून घेतली.

"महिना कुठला?"

"जून."

"पंतप्रधान कोण?"

"तो लबाड."

"नाव सांग, डेझ."

"लबाड म्हटलं की सगळे ओळखतात. नाव कशाला हवंय?"

ती हसली. इतकं बोलतो तो, आणि म्हणे आजारी, असं तिच्या मनात आलं.

गुरुवारी अकरा वाजता सिस्टर ओकोरोंनी त्यांना आत बोलावलं. सिस्टर तरुण होत्या आणि आवाज न चढवता बोलत. त्यांनी डेझमंडला घड्याळ काढायला सांगितलं. त्यानं गोल काढला, आकडे नीट मांडले आणि काटे काढायच्या आधी थांबला.

"बोटीची वेळ दाखवू की किनाऱ्याची?"

"तुम्हाला आवडेल ती," सिस्टर म्हणाल्या. ग्लेनिसचा जीव भांड्यात पडला.

"आता सांगा, मिस्टर हॉबडे, आज वार कुठला?"

डेझमंड खाली वाकला. त्यानं स्वतःच्या दोन बुटांच्या मधे पाहिलं. फरशी करडी होती, साधी, पुसून लख्ख केलेली. त्यानं खुर्ची थोडी मागं सरकवली आणि पुन्हा पाहिलं. मग टेबलाच्या पलीकडे डोकावला.

"ग्लेनिस," तो हळूच म्हणाला, "जरा पाय उचल."

तिनं पाय उचलले. हातातली पर्स पोटाशी धरून, दोन्ही बूट जमिनीपासून वीतभर वर घेऊन ती तशीच बसून राहिली, आणि तो तिच्या पायांखाली शोधत राहिला.

"अजून बदललेली नाही," त्यानं सिस्टरना सांगितलं, तक्रारीच्या नाही, मदतीच्या सुरात. "लिफ्टवाल्यांना सांगा. लोकांची पंचाईत होते."

"काय बदललेली नाही?"

"चटई."

गुरुवारचा तुकडा घरी होता, दाराबाहेर, तिनं सकाळी टाकला तिथंच. आपण दोन महिने त्याला वार शिकवतोय असं तिला वाटत होतं. वार त्याला आलाच नव्हता. कुठं बघायचं तेवढं आलं होतं, आणि ते तो कधी चुकला नव्हता. वेळ पडलीच तर खोकून खुणावायचं असं तिनं घरून ठरवून आणलं होतं. ती खोकली नाही. तिनं पाय खाली ठेवले.

"सिस्टर," ती म्हणाली, "मागच्या सफरीत हा चाळीस मिनिटं सापडला नव्हता. मी कोणाला सांगितलं नाही. मुलीलाही नाही. ते लिहून घ्या."

सिस्टरनी पेन उचललं नाही. आधी त्यांनी ग्लेनिसच्या हातावर हात ठेवला आणि मग लिहिलं. चिठ्ठी मिळणार नाही हे कोणाला वेगळं सांगावं लागलं नाही. बाहेर हेदर उभी होती. आईचा चेहरा बघून तिनं नुसती तिची पर्स आपल्या हातात घेतली, आणि ग्लेनिसला त्याचं फार बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी ग्लेनिस नेहमीसारखी आधी उठली. गुरुवारचा तुकडा तिनं उचलला, शुक्रवारचा हातात घेतला आणि दाराबाहेर उभी राहिली. तो खाली टाकायला तिचा हात होईना. तेवढ्यात दार उघडलं. डेझमंड उंबऱ्याशी आला, खाली बघितलं आणि थबकला. नुसती लाकडी जमीन. त्यानं पाऊल बाहेर टाकलं नाही. दाराची चौकट घट्ट धरून तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत भीती दिसली. एवढ्या वर्षांत ती तिनं कधी पाहिली नव्हती.

"ग्लेनिस, आज कुठलं बंदर?"

दोन्ही तुकडे तिनं पाठीमागं धरले.

"आज बंदर नाही, डेझ," ती म्हणाली. "समुद्राचा दिवस आहे."

त्याचे खांदे सैल झाले. "असं होय. मग घाई नाही."

"काही घाई नाही."

"उद्या?"

"उद्यापण नाही."

तो मागं वळला, पलंगाच्या कडेला बसला आणि शेजारची जागा हातानं थोपटली. ग्लेनिसनं तुकडे तिथंच खाली ठेवले आणि ती त्याच्याजवळ जाऊन बसली. चहा ठेवायचा होता, विमावाल्यांना कळवायचं होतं, बोटीची खोली सोडायची होती. ती उठली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही. डेझमंड खिडकीबाहेर बघत होता. बाहेर समोरच्या घरांची छपरं होती.

"आज पाणी शांत आहे," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "अगदी शांत आहे."