बदलीचा रविवार

शेवटी जयवंत गावडे नदीकाठी बसला. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं धरा, कारण सकाळी दहा वाजता तो उभा होता.

जयवंताचा बसण्याशी संबंधच नव्हता. चौदा वर्षं तो गिरणीत मागावर उभा राहिला. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली, उभं राहणं तेवढं राहिलं. आता तीन वर्षं तो गोरेगावात खोक्यांच्या कारखान्यात उभा असायचा, रविवारीसुद्धा. लग्नाला सहा वर्षं झाली, पण नलिनीने त्याला जेवण सोडून कधी बसलेला पाहिला नव्हता. जेवतानाही तो निघायच्या बेतातच असायचा.

सोमवारी सकाळच्या एसटीने नलिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कणकवलीला निघणार होती. ती येणार ती पाच महिन्यांनी, तीही कडेवर तिसरं माणूस घेऊन. म्हणून हा एक रविवार तिने मागून घेतला. दोघांनी दहिसर नदीच्या काठी जायचं आणि नुसतं बसायचं.

बोरिवलीत नदीच्या एका वळणावर ओळखीच्या पास्कलकाकांची जांभळाची वाडी होती. पास्कलकाका जांभळाची वाईन घालायचे, त्यांचे शेजारी घालायचे, शेजाऱ्यांचे शेजारीही घालायचे. तिथलं मांजरसुद्धा दुपारनंतर जरा तिरकं चालायचं.

नलिनीने चादर अंथरली, पाय पाण्यात सोडले. "या, बसा."

"आलो," म्हणून जयवंताने आधी काठावरचे दगड एका रांगेत लावले. मग पास्कलकाकांची कपडे वाळवायची दोरी ताणून बांधली.

"अहो, नाचताय काय?"

"मी खंय नाचतंय?" असं म्हणत तो पडवीत गेला. तिथे वाईनच्या बावीस बरण्या तोंडाला फडकी बांधून उभ्या होत्या. बांधलेल्या कशाही. जयवंताला ते बघवेना. त्याने बावीसच्या बावीस फडकी सोडून पुन्हा बांधली. तुटलेला धागा जोडायला विणकर मारतात ती गाठ मारून. ती गाठ एकदा बसली की कापड फाटतं, गाठ सुटत नाही.

पास्कलकाका पेला घेऊन आले, एका गाठीशी पाच मिनिटं झगडले आणि पेला खाली ठेवून म्हणाले, "जयवंता, माझी वाईन तू अटकेत टाकलीस रे!"

आता बावीस गाठी सोडवणं आलं. पण बायको तिकडे एकटी. जयवंताने गिरणीतला माणूस करतो तेच केलं. त्याने बदली बोलावला.

शिवदास जवळच राहायचा. गिरणीत तो अकरा वर्षं बदली कामगार होता. कोण आजारी, कोण गावाला, त्याच्या जागेवर हा. स्वतःची जागा त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही. निरोप मिळताच तो डबा घेऊन आला, चपला काढल्या, नलिनीपासून चार हात अंतर ठेवून बसला आणि पाय पाण्यात सोडले.

"वहिनी, कसं वाटतंय? मोकळं वाटतंय ना?"

"तुम्ही का विचारताय?"

"त्याने विचारायचं होतं. निरोपात तसं सांगितलंय."

नलिनी हसली. खूप हसली. मग म्हणाली,

"शिवदासभावजी, उद्या मी चालले. परत येईन तेव्हा आम्ही तिघं असू. दोघांचा हा शेवटचा दिवस, तोही ह्यांनी बदलीवर काढायचा?"

शिवदास उठला. ओल्या पायांनी पडवीत गेला. जयवंत तिसऱ्या गाठीवर होता.

"जया, चल. अकरा वर्षं लोकांच्या जागा सांभाळल्या यार, कुठे नाही म्हटलं नाही. ही जागा माझ्याने होत नाही."

"आणि ह्या गाठी?"

शिवदासने पास्कलकाकांचा कोयता घेतला आणि समोरचं फडकं टराटरा कापलं. "झकास सुटतात. जा तू."

जयवंत काठावर गेला. थोडा वेळ उभा राहिला, सवयीने. मग गुडघे जरा अविश्वासाने वाकवले आणि बसला. पाणी गार होतं. हातांचं काय करायचं ते त्याला कळेना, तेव्हा एक हात नलिनीने घेतला.

"मोकळं वाटतंय ना?" त्याने विचारलं.

"आत्ताच शिवदासभावजींनी विचारलं की."

"त्याने विचारलं. मी नाय."

"हो," ती म्हणाली. "आता वाटतंय."

तो उठला नाही. मांजर येऊन त्याच्या मांडीवर तिरकं बसलं, तरी उठला नाही. ऊन समोरच्या झाडांच्या शेंड्यांवर गेलं तेव्हा पास्कलकाकांनी नलिनीला कोकम सरबत आणि बाकीच्यांना सुटका झालेली वाईन दिली. जयवंताने बसल्या जागेवरून हाक मारली, "शिवा, कागद आहे?"

शिवदास मॅट्रिक होता. संपात अख्ख्या खात्याचे अर्ज त्यानेच लिहिले होते. त्याने बरणीवरचा लेबलाचा कागद उलटा केला आणि जयवंत सांगेल तसं लिहिलं:

"मा. संबंधित अधिकारी यांसी, सा. न. वि. वि. उद्या दि. २१ जानेवारी १९८५ रोजी येणारा सोमवार काही घरगुती कारणास्तव कामावर हजर राहू शकत नाही. तरी त्याच्या जागी आजचाच रविवार बदली म्हणून घेण्यात यावा, व काम समाधानकारक वाटल्यास त्यास कायम करण्यात यावे, ही नम्र विनंती."