सखूबाईचे वण

सखूबाईनं कडुलिंबाच्या कोमट पाण्यात फडकं बुडवून पिळलं आणि पोरीच्या चिकटलेल्या पापण्यांवर हलकेच टेकवलं. पोरगी कण्हली. तिच्या तोंडावर, हातांवर, तळपायांवरही फोड दाटले होते. दाराला कडुलिंबाचा डहाळा खोवलेला होता. घरात देवी आल्या आहेत, बाहेरच्या माणसानं उंबरा ओलांडू नये, अशी ती खूण. तो डहाळा बाजूला सारून सखूबाई पहिल्यांदा आत आली, त्याला आता आठवडा होत आला होता.

“देवीबाईला राग यील गं, सखू,” कोपऱ्यातून पोरीची आई मंजुळाबाई म्हणाली.

“पापण्या अशाच चिकटून राहिल्या तर लेकराचे डोळे जातील. इकडं ये. पाय चेप तिचे.”

मंजुळाबाई जागची हलली नाही. मग थोड्या वेळानं, बसल्या बसल्याच सरकत, ती पोरीच्या पायांपाशी आली.

बाहेर ओट्यावर मंजुळाबाईची सासू पारुबाई अंबाडीचा दोर वळत होती. बोटं थांबत नव्हती आणि तोंडही.

“फोडणी बंद, तेल बंद, घरात कुणी यायचं बंद. अन् ही मिशनची बाई खुशाल आत! बाई कोपली तर माझ्या नातीवर कोपंल. हिच्यावर काय कोपणार? हिचं तोंड आधीच नांगरून ठेवलंय.”

तोंडभर देवीचे जुने वण असलेली सखूबाई घरातूनच हसली. “नांगरलंय खरं, पण पेरलं न्हाई अजून, पारुमावशी.”

गल्लीच्या तोंडाशी सोनाजी ताकाचं गाडगं घेऊन उभा होता. सखूबाई त्याची बायको. लहानपणी मिशनच्या शाळेत त्याला देवी टोचलेल्या होत्या, तेव्हा आत जायला हरकत नव्हती. पण त्या दारासमोर आला की त्याचे पाय जड होत. त्यानं गाडगं ओट्याच्या कडेला ठेवलं आणि तो मागं झाला.

हिंगोलीच्या पाद्रीसाहेबांनी त्याला शिरड शहापूरच्या या मांगवाड्यात धाडलं, तेव्हा तो मोठ्या उमेदीनं आला होता. दिवसा चार पोरांना अक्षरं शिकवायची आणि रविवारी लोकांना प्रभूची गोष्ट सांगायची, एवढंच काम. अक्षरं त्याला जमत. गोष्ट सांगायला उभा राहिला की जीभ टाळ्याला चिकटे. शनिवारी सबंध पाठ केलेलं रविवारी अर्ध्यावर तुटे, आणि समोर बसलेले दोघेतिघे त्याच्याकडं दयेनं पाहत. तीन वर्षांत एकानंही प्रभूचा मार्ग विचारला नव्हता. पावसाळ्याच्या तोंडाला साहेब येणार होते. तोवर कुणी विचारलं नाही, तर इथली शाळा बंद करून सोनाजीला दुसरीकडं हलवायचं ठरलं होतं. साहेब हे रागानं बोलले नव्हते. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं सोनाजीला वाटे.

पोरगी वाचली. डोळे शाबूत राहिले. फोडांवर खपल्या धरल्या, देवीला निरोप दिला गेला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी वस्तीतल्या पाचसहा बायका सखूबाईच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. पुढं मंजुळाबाई. तिच्या हातात ताट होतं. ताटात नारळ, खण, तांदूळ.

“पदर पसर, सखू.”

“हे काय गं?”

“पदर पसर म्हनते ना! तुझी ओटी भरायची.” मंजुळाबाईचा आवाज भरून आला होता. “तुझ्यावर बाईची मर्जी हाय. तिनं हातानं तुझं तोंड गोंदलंय, म्हून तर तिच्या घरात तू गेलीस अन् आलीस, तुला काही झालं न्हाई. आमाला आता कळलं.”

बायकांनी माना डोलावल्या. एकीनं वाकून सखूबाईच्या पायाला हात लावला. सखूबाई चटका बसावा तशी मागं सरली.

सोनाजी दारात उभा होता. त्याला घाम फुटला. पण त्या घामातच त्याला वाटलं की हीच ती वेळ. आपल्या तोंडून जे तीन वर्षांत निघालं नाही ते आज हिच्या तोंडून एका वाक्यात निघेल. तो बायकोच्या कानाशी वाकला.

“सांग त्यांना. देवीनं न्हाई, येशूनं राखलं म्हन.”

सखूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग बायकांकडं वळली.

“मला कुणी येगळं राखलं न्हाई, बायांनो. मी पोर असताना मला देवी येऊन गेल्यात. एकदा येऊन गेल्या की दुसऱ्यांदा येत न्हाईत. मला भ्याच न्हवतं कशाचं. तवा यात माझी हिंमत न्हाई अन् कुणाची मर्जी बी न्हाई. लेकरू वाचलं हे देवाचं उपकार. तो नारळ घरी न्या, लेकीला खोबरं द्या.”

 मंजुळाबाईनं ताट छातीशी धरलं. तिचा चेहरा पडला होता. दिलेलं कुणी परत केलं की पडतो तसा.

मागून पारुबाई पुढं आली.

“म्हंजे फुकटात गेलीस अन् फुकटात आलीस म्हन की! भ्या न्हाई तिथं कुणीबी जाईल. मग तुझ्या देवानं केलं काय गं?”

बायका हसल्या.  पारुबाई बरोबर बोलली होती, असं सखूबाईच्या तोंडावर दिसत होतं.

त्या रात्री सोनाजी जेवला नाही. “तुला काय जड जात होतं?” एवढंच म्हणाला.

“खोटं झालं असतं.”

“खोटं कसं? प्रभूच राखतो की सगळ्यांना.”

“मग त्या तिकडच्या गल्लीतली दोन लेकरं गेली ती कुणी राखली न्हाईत?” सखूबाईनं भाकर झाकून ठेवली. “माझ्या तोंडाचे वण दाखवून मला त्याचं नाव वाढवायचं न्हाई. त्याला तसली तकलीफ कशाला?”

 पुढच्या रविवारी त्याच्यासमोर कुणीच बसलं नाही.

उन्हाळा सरता सरता नदीचं पाणी डबक्यांवर आलं आणि पटकी सुरू झाली. पहिल्यांदा वरच्या आळीत, मग मांगवाड्यात. सकाळी हिंडतं फिरतं माणूस संध्याकाळी खांद्यावर जाऊ लागलं. पटकीची टोचणी करणारे अजून या बाजूला फिरकले नव्हते. लोकांनी भांडीकुंडी बांधली आणि ज्याला जिथं सावली मिळाली तिथं, शेतांत, झाडाखाली जाऊन राहिले. मंजुळाबाईचा नवरा सटवाजी पोरीला खांद्यावर घेऊन शेताकडं निघाला, त्याच सकाळी पारुबाईला पहिली उलटी झाली. मंजुळाबाई मागं राहिली. पण ती दारापाशी उभी होती. आत सासू विव्हळत होती, आणि तिचा पाय उंबऱ्यापलीकडं पडत नव्हता.

सखूबाईनं पदर खोचला. सोनाजी तिच्या आडवा आला.

“कुठं निघालीस?”

“पारुमावशीकडं.”

“ह्या दुखण्यात तुला काही राखण न्हाई. हे देवीसारखं न्हाई. हे पुन्हा पुन्हा होतं, कुणालाबी होतं.”

“मला म्हाईत हाय.”

“मग?”

“मग काय? चूल पेटवा. पाणी खळखळा उकळू द्या, त्यात मीठ टाका. मी हाक मारीन तसं आणून द्या.”

ती गेली. सोनाजीनं चूल पेटवली. महायुद्धामुळं रॉकेल मिळत नव्हतं, लाकडं हिरवी होती. धुरानं त्याचे डोळे गळत राहिले. पाणी उकळलं की हंडा घेऊन तो पारुबाईच्या दाराशी जाई, उंबऱ्यावरून हातभर आत सरकवी आणि मागं होई. प्रत्येक वेळी त्याला स्वतःची लाज वाटे, आणि प्रत्येक वेळी तो तेच करी.

दुपारी पारुबाईचे डोळे खोल गेले, आवाज चिरका झाला. सखूबाई तिला चमच्या चमच्यानं पाणी पाजत होती, घाण झालेली वाकळ काढून जाळायला बाहेर टाकत होती, जमिनीवर चुना पसरत होती. मंजुळाबाई अजून दारातच होती.

“सखू,” पारुबाई म्हणाली, “तुझे ते वण... ह्या खेपेला कामाचे न्हाईत.”

“न्हाईत, मावशी.”

“तुला बी व्हईल.”

“व्हईल बी.”

“भ्या न्हाई वाटत?”

“लई वाटून राहिलं.”

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. तिच्या सुकलेल्या ओठांवर जुनं हसू आल्यासारखं झालं. “मग काहून आलीस गं, येडे?”

“तुमाला तहान लागली होती म्हून.”

पारुबाईनं तोंड उघडलं. सखूबाईनं त्यात पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारुबाई गेली. सोनाजीनं ऐकलं आणि तो चुलीपुढं तसाच बसून राहिला. त्याला वाटलं, निदान म्हातारी तरी वाचायला हवी होती. आता पाद्रीसाहेबांना काय सांगायचं? पटकी आली, बायको उशाशी बसली, म्हातारी मेली. यात कोण कशाला मार्ग विचारील?

माती देऊन लोक परतले तसा सटवाजी बायकोला म्हणाला, “चल शेतावर. पोरगी वाट बघून राहिली. इथं थांबू नको.”

“तुमी व्हा म्होरं,” मंजुळाबाई म्हणाली.

सटवाजीनं तिच्याकडं पाहिलं आणि तो एकटाच निघाला.

सोनाजी रिकामा हंडा धुऊन उकळलेल्या पाण्यानं भरत होता, तेव्हा मंजुळाबाई त्याच्या अंगणात आली. तिनं त्याच्या चुलीवरच्या पाण्यातून आपलं पातेलं भरून घेतलं.

“रूपाबाईला बी पटकी लागलीय,” ती म्हणाली. “घरची माणसं सोडून गेलीत. सकाळधरनं एकटी कण्हून राहिली.”

सोनाजीला आश्चर्य वाटलं. कोंबडीवरून झालेल्या भांडणापासून या दोघी एकमेकींच्या सावलीलाही उभ्या राहत नव्हत्या. रूपाबाईनं भर बाजारात मंजुळाबाईच्या सात पिढ्या काढल्या होत्या.

“तू जातीस?”

“सखू दमली. तिला पडू द्या.” ती पातेलं घेऊन निघाली. तोही हंडा घेऊन तिच्या मागं गेला.

रूपाबाईच्या दाराशी मंजुळाबाई थांबली. आतून वास येत होता. पातेल्यातलं पाणी हिंदकळलं. 

“मास्तर.”

“काय?”

“सखू आत जायच्या आधी दाराशी जरा थांबती. डोळे मिटती. ओठ हलतात तिचे. सासूच्या दुखण्यात मी बघितलं. काय म्हनती ती?”

सोनाजीनं तोंड उघडलं. कितीतरी वचनं त्याला पाठ होती. त्यातलं एखादं चांगलं वचन सांगता आलं असतं, आणि ते खरंही ठरलं असतं कदाचित.

“मला म्हाईत न्हाई,” तो म्हणाला. “मी कधी इचारलं न्हाई.”

“मग इचारून या. मी थांबते.”

त्यानं हंडा तिथंच ठेवला आणि तो घराकडं निघाला. चालता चालता तो पळू लागला. पन्नाशीच्या माणसानं असं पळावं का, हा विचार त्याच्या मनात आला आणि गेला. सखूबाई भिंतीला टेकून बसली होती, हात चुन्याच्या पाण्यात. त्यानं विचारलं तशी ती संकोचली.

“काही न्हाई ओ.”

“सांग. मंजुळा इचारून राहिली. दारात उभी हाय.”

सखूबाईनं हात पाण्यातून काढले. “तुमच्यासारखं मला बोलता येत न्हाई. मला लई भ्या वाटतंय, असं सांगते त्याला. अन् तू म्होरं हो, मी मागून येते, म्हनते. बस्स.”

तो परत आला तेव्हा मंजुळाबाई तशीच उभी होती. त्यानं धापा टाकत, एक शब्द इकडचा तिकडं न करता, तिला ते सांगितलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

“तुमचं पुस्तक लागत न्हाई?”

“ह्याला न्हाई.”

मंजुळाबाईनं डोळे मिटले. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग बुटक्या दारातून वाकून ती आत गेली.

“रूपा, उठू नको,” तिचा आवाज आला. “मी हाय, मंजुळा. शिव्या मागून दे. आधी पाणी पी.”

आतून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं, मग भांड्याचा आवाज, मग उलटीचा.

“मास्तर, आणखी पाणी!”

सोनाजीनं हंडा उचलून उंबऱ्यावर टेकवला. आत सरकवायला हात पुढं झाले आणि काठावर तसेच राहिले. त्यानं हंडा पुन्हा उचलून कमरेशी घेतला, आणि डोळे मिटले.